पंख्याखालचं स्टूल

आमच्या कारखान्यात जनावरांची गोळी पेंड तयार होते. दौंडपासून थोडं बाहेर, रेल्वेलाइनच्या पलीकडं. मी तिथं देखभाल विभागाचा प्रमुख आहे, म्हणजे यंत्र बंद पडलं की ज्याच्या नावानं सगळे शंख करतात तो माणूस. राहायला खुटबावला. सकाळच्या डेमूनं दौंड गाठायचं आणि पुढं कारखान्याची गाडी. लोक म्हणतात माझा स्वभाव तापट आहे. मी त्याला शिस्त म्हणत आलो. पण पुढं जे लिहितोय ते मी शिस्तीतच केलं होतं, रोज साडेबारा वाजता, अकरा वर्षं.

साडेबाराचा भोंगा झाला की वर्कशॉपमागच्या शेडमध्ये बारदानं अंथरली जायची. आम्ही आठ-नऊ जण गोल करून बसायचो. नियम एकच होता, भाकरी ज्याची त्याची आणि भाजी सगळ्यांची. झाकणं उघडली की भाज्या मधे सरकवायच्या, ज्याला जी हवी ती त्यानं घ्यायची. कुणाची बायको माहेरी गेलीय, कुणाकडं पाहुणे आलेत, कुणाच्या घरात सकाळी वाजलंय, हे सगळं आम्हाला भाजीवरून कळायचं. नवा माणूस आमच्यात यायचा तो कामानं नाही, डब्यानं. पहिल्या दिवशी लाजत डबा पुढं करायचा आणि आठवड्याभरात दुसऱ्याच्या भाजीला नावं ठेवायला लागायचा. मग तो आमचा झाला असं समजायचं.

अकरा वर्षांपूर्वी एक फिटर नवीन लागले. शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराट्याचे, मुसलमान. यंत्रावर कान ठेवून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन दिवस रखडलेली मोटार चालू करून दाखवली. त्यांचं नाव कागदावर होतं, पण मी त्यांना 'चाचा' म्हणून हाक मारली आणि सगळ्यांनी तीच उचलली. आमच्यात आप्पा होते, आबा होते, मामा होते. हे एकटेच चाचा. वयानं माझ्याहून सहा वर्षांनी लहान माणसाला मी चाचा म्हणत होतो आणि त्यात काही चुकतंय असं मला वाटलं नाही. इथं मी त्यांना मिस्त्री म्हणणार आहे. तेव्हाच म्हणायला हवं होतं.

त्या दिवशी भोंगा झाल्यावर मिस्त्री हात धुऊन, चार पुडांचा डबा घेऊन गोलाकडं आले. बसायला जागा बघत होते. मी उठलो, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "चाचा, तुम्ही इकडं बसा, पंख्याखाली. आमच्यात माळकरी हायेत, तुमची उगं पंचाईत नको. निवांत खावा." कोपऱ्यात ग्राइंडरपाशी एक लोखंडी स्टूल होतं. ते मी स्वतः फडक्यानं पुसून दिलं. मिस्त्री "बरं, सायेब" म्हणून तिकडं गेले. आपण किती समजून घेणारा साहेब आहोत, या समाधानात मी त्या दिवशी एक भाकरी जास्त खाल्ली.

आमच्यात माळकरी म्हणाल तर एकच, स्टोअर सांभाळणारे आप्पा. त्यांना मी काही विचारलं नव्हतं. बाकीचे सगळे रविवारी मटणाच्या दुकानापुढं रांगेत उभे असायचे. माझ्या भावकीत तर नवसाची कंदुरी होते. दर्ग्यापाशी मुलाणी बकरं कापतो आणि पहिल्या पंगतीला मी असतो. हे तेव्हा मला आठवलं नाही. पुढं अकरा वर्षं आठवलं नाही. त्या चार पुडांत काय असतं हेही मी कधी पाहिलं नाही. काय असणार ते आपल्याला माहीतच आहे, असं धरून चाललो होतो.

मिस्त्रींनी कधी तक्रार केली नाही. स्टुलावरून ते आमच्या गप्पा ऐकायचे, हसायचे. मला शेंगदाणा सोसत नाही, लगेच पित्त होतं, आणि आमच्याकडची भाजी म्हणजे अर्धा कूट. त्यामुळं दुसऱ्याच्या डब्यात हात घालण्याआधी मी रोज विचारायचो, "कूट हाय का?" आणि सगळे मिळून माझी टर उडवायचे. तेव्हा मिस्त्रीही हसायचे. मला वाटायचं, चाचा आपल्यात किती मिसळून गेलेत.

एकदा सुट्टीनंतर मला शिरूरला एका साखरपुड्याला जायचं होतं. भीमेचा पूल ओलांडण्याआधी रस्त्याकडेच्या बाभळीखाली मिस्त्रींची गाडी उभी दिसली. ते उकिडवे बसून डबा खात होते. दुपारी जेवलेला माणूस पाच वाजता पुन्हा जेवतोय याची मला मोठी गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी मी गोलात सांगितलं, "चाचांची दुसरी पंगत पुलावर असती." झालं. पुढं कित्येक महिने संध्याकाळी निघताना कुणी ना कुणी म्हणायचं, "चाचा, चालला का पंगतीला?" मिस्त्री हेल्मेट घालता घालता हसायचे. हेल्मेटमधून माणसाचं हसणं नीट दिसत नाही.

गेल्या वर्षी कारखान्यानं पुण्याहून एक मॅडम बोलावल्या. कामाच्या ठिकाणी सगळ्यांना सामावून कसं घ्यावं, या विषयावर त्यांचं प्रशिक्षण होतं. पडदा, प्रोजेक्टर, वेफर्स आणि चहा. मॅडमनी विचारलं, "तुमच्याकडे जेवताना कुणी वेगळं बसतं का?" मी लगेच हात वर केला आणि अभिमानानं सगळं सांगितलं. चांगली जागा दिली, पंख्याखाली दिली, स्टूल दिलं, कुणाचं मन दुखू नये याची काळजी घेतली. मॅडमनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्यांना विचारलं होतं?"

मला राग आला. मी म्हणालो, "त्यात विचारायचं काय? आम्हाला माणसं कळतात." मॅडम मागच्या रांगेतल्या मिस्त्रींकडं वळल्या. ते उभे राहिले आणि म्हणाले, "मला काय तरास न्हाई, मॅडम." मी मॅडमकडं असं बघितलं की जणू निकाल माझ्या बाजूनं लागला. त्या पुढं म्हणाल्या की एक दिवस कार्यक्रम करून काही होत नसतं, रोजच्या वागण्यात बदल व्हावा लागतो. परतीच्या गाडीत मी लोकांना सांगत होतो, यांना एसीत बसून काय कळतंय.

त्यानंतर काही महिन्यांनी मिस्त्रींची गाडी खडीवरून घसरली आणि पायाचं हाड मोडलं. दीड महिना प्लॅस्टर. मी फोन केला, "काळजी घ्या" म्हणालो, आणि माझं कर्तव्य संपलं. पंधरा दिवसांनी गोळीच्या यंत्राचं मोठं बेअरिंग अडकलं. आम्ही दोन दिवस झटलो, ते हलेना. फोनवर मिस्त्री सांगत होते ते आम्हाला उमजेना. शेवटी यंत्राचे फोटो घेऊन मी मांडवगणला गेलो. अकरा वर्षांत त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो, तेही बेअरिंगसाठी.

मिस्त्री घरी नव्हते. भाऊ त्यांना गावातल्या दवाखान्यात घेऊन गेला होता. त्यांच्या बायकोनं, भाभींनी, ओसरीत खुर्ची टाकली, चहा दिला आणि आपण उंबऱ्याशी बसल्या. मी घड्याळ बघत होतो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे घरी बसल्यापासनं तुमची समद्यांची पंचाईत झाली आसंल."

"व्हय ना. बेअरिंग काय निघंना," मी म्हणालो.

"तसं न्हाई. डब्याची म्हणते मी."

मला कळलं नाही. मी नुसती मान हलवली. त्यांना बोलायला तेवढं पुरलं.

"पयल्या दिवशी ह्यास्नी इचारलं, तितं समदे मिळून खात्यात का? म्हणले, व्हय, भाजी मधी ठेवत्यात. तवापासनं मी सात-आठ माणसांच्या अंदाजानं करती. आन् डब्यात मटण-अंडं कवा घातलं न्हाई. तुमच्यात माळकरी आप्पा हायेत ना. त्यास्नी दातबी न्हाईत म्हणत्यात, म्हणून दुधी आसला की गाळ शिजवती."

मी कप खाली ठेवला.

"आन् तुम्हाला शेंगदाणा चालत न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्यांनी पयल्याच आठवड्यात सांगितलं. मी तवापासनं तिळाचाच कूट घालती. घरात समद्यांना आता तिळाचीच सवय लागलीय." मग थोडं लाजून त्यांनी विचारलं, "दोडका बरा व्हतो का हो? हे म्हणत्यात, सायबांनी दोनदा घेतला. पण ह्यांचं काय खरं, बायकोला बरं वाटावं म्हणूनबी सांगतील."

त्या ओसरीत मला पळून जावंसं वाटलं. माझ्या स्वतःच्या घरी, माझ्या आईनं आणि बायकोनं, माझ्या पित्तासाठी कधी भाजी बदलली नव्हती. ही बाई अकरा वर्षं बदलत होती आणि मी तिच्या हातचा एक घास खाल्ला नव्हता. खरं सांगावं असं एकदा तोंडाशी आलं. पण सांगून काय झालं असतं? माझं मन हलकं झालं असतं आणि त्यांची अकरा वर्षं एका वाक्यात मातीत गेली असती. मी म्हणालो, "भाभी, दोडका फार चांगला होतो." माझ्या तोंडून इतकी सफाईदार थाप पूर्वी कधी निघाली नव्हती.

तेवढ्यात मिस्त्री कुबड्यांवर आत आले. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग भाभींकडं पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलं. पण ते बोलले फक्त बेअरिंगबद्दल. कुठं गरम करायचं, कुठून ठोकायचं, किती ठोकायचं, सगळं कागदावर चित्र काढून दिलं. निघताना माझ्यामागं अंगणाच्या फाटकापर्यंत आले.

"सायेब, तिला काय बोलला न्हाई ना?"

"न्हाई."

"नका बोलू. तिनं लई मनापासनं केलंय."

मी विचारलं, "मग पुलापाशी तुम्ही..."

"भरला डबा माघारी नेला तर ती इचारणार. फेकू वाटंना, अन्न हाय. दुपारी थोडंच खायचो आन् मग तितं बसून जाईल तेवढं खायचो. उरलं तर मेंढरंवाल्यास्नी द्यायचो." मग माझी अवस्था बघून तेच मला समजावायला लागले, "जाऊ द्या. आता सवय झालीय."

पंगतीची ती चेष्टा मीच सुरू केली होती. त्याबद्दल माफी मागायला हवी होती. मी फक्त "पायाला जपा" म्हणालो आणि गाडीला किक मारली. त्या दिवशी पूल ओलांडल्यावर बाभळीपाशी मी थांबलो. तिथं काही नव्हतं, घासून गुळगुळीत झालेला एक दगड तेवढा होता. बेअरिंग मात्र त्यांच्या चित्राबरहुकूम अर्ध्या तासात निघालं.

दीड महिन्यानं मिस्त्री कामावर आले. मला आता भरपाई करायची घाई झाली होती आणि घाईत मी नेहमीप्रमाणं गोंधळ घातला. भोंगा झाल्यावर उभा राहून भाषण ठोकलं, "आजपासून चाचा आपल्यात बसणार." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी फोटो काढून कारखान्याच्या ग्रुपवर टाकला. मिस्त्री बारदानावर कसेबसे बसले, मोडका पाय पुढं पसरून. डबा त्यांनी उघडलाच नाही. म्हणाले, "डॉक्टरनं खाली बसू नका म्हणून सांगितलंय." पाय खरंच दुमडत नव्हता. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा स्टुलावर दिसले.

आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला नको वाटतंय, पण तसंच वाटलं. आपण बोलावलं, तेच आले नाहीत, आता आपला काय दोष. चार-पाच दिवस मी याच सुटकेत काढले. त्या दिवसांची मला स्टूल दिल्याच्या दिवसापेक्षा जास्त लाज वाटते. पहिल्या वेळी मला माहीत नव्हतं.

शनिवारी डेमूत उभा असताना मला नुसतं तिळाचा कूट, तिळाचा कूट असं आठवत राहिलं. त्या बाईनं मला न बघता, मला सोसेल असं केलं होतं. मी मात्र मिस्त्रींना बोलावत होतो, आणि जागा तीच ठेवत होतो जिथं त्यांचा पाय दुमडत नव्हता. सोमवारी लवकर जाऊन मी भंगारातल्या दोन जाड फळ्या काढल्या, लोखंडी पायांवर बसवल्या, लांब टेबल केलं. बसायला दोन बाकडी केली. स्टूल उचलून भंगाराच्या खोलीत टाकलं. कुणाला काही सांगितलं नाही. भोंग्यानंतर लोकांनी विचारलं तर म्हणालो, "आप्पांचे गुडघे दुखतात."

आप्पांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. ते शेजारी बसल्यावर मी हळू आवाजात त्यांना सगळं सांगितलं, पहिल्या दिवशी त्यांच्या माळेचं नाव पुढं केल्याचंसुद्धा. आप्पांनी आपला डबा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "मला कवा इचारलं व्हतं का? मी नको म्हणलो व्हतो का कवा? माझ्या गळ्यातली माळ तुम्ही त्यास्नी लांब ठिवायला वापारली." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

मिस्त्री दारात येऊन थांबले. कोपऱ्यात स्टूल नव्हतं. आप्पांनी बाकड्यावर सरकून जागा केली. मिस्त्री बसले, एकच पूड उघडलं आणि आपल्यापुढंच ठेवलं. आप्पांनी हात लांब करून ते मधे ओढलं आणि पहिला घास घेतला. दुधी होता, गाळ शिजलेला.

एका दिवसात काही झालं नाही. मी दोन दिवस लग्नाला गेलो तर परत आल्यावर स्टूल पुन्हा कोपऱ्यात होतं. कुणी आणलं ते कुणी सांगेना. बहुतेक मिस्त्रींनीच आणलं असावं. सवय फक्त आम्हाला लागली होती असं थोडंच आहे. मी ते पुन्हा आत टाकलं. पुढं मी स्वतःला एक नियम घातला, मिस्त्री बसल्याशिवाय आपलं झाकण उघडायचं नाही. भूक मला अनावर होते, डोकं फिरतं, तरी नाही. महिन्याभरानं एकदा यंत्र बिघडलं आणि मिस्त्रींना यायला वीस मिनिटं उशीर झाला. मी मीटिंगमध्ये अडकलो होतो. शेडमध्ये आलो तर सगळे झाकणं न उघडता बसले होते. कुणीतरी विचारलं, "मिस्त्री कुठवर आले?" चाचा हा शब्द कधी गळून पडला ते मला कळलंच नाही.

अलीकडं चारही पुडं टेबलावरच रिकामी होतात. मिस्त्री पुलापाशी थांबत नाहीत, वीस-पंचवीस मिनिटं लवकर घरी पोचतात. भाभींना तेवढाच फरक जाणवला असेल. डबा तर त्यांच्याकडं पूर्वीपासून रिकामाच येत होता.

मागच्या आठवड्यात दोडका होता, तिळाचा कूट घातलेला. मी पहिल्यांदाच दोनदा घेतला. मिस्त्री म्हणाले, "घरून इचारलंय, कसा झालाय ते सायबांना इचारून या." खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. म्हणालो, "चव फार चांगली हाय. मीठ जरा जास्त झालंय." टेबलावरचे सगळे हसले, मिस्त्रीही हसले. आता त्यांचं हसणं समोरून नीट दिसतं.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "काय म्हणाल्या भाभी?"

मिस्त्री डब्याची कडी काढत होते. म्हणाले, "इचारात पडली. म्हणाली, मिठाला माझा हात पयल्यापासनं जडच हाय. मग अकरा वर्षांत कुणी कवा नाव ठिवलं न्हाई, आन् आजच कसं?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगणार," मिस्त्री म्हणाले आणि चारही पुडं मधे सरकवली.